न पुसलेले हात

देवळाली प्रवरा इथं आमच्या घरासमोर एका माणसाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो कॅथलिक. येशूचं नाव घ्यायचं झालं, की तो आधी तेलकट हात चिंधीला पुसायचा. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मराठीत सुरू झाली, तरी हा मागच्या बाकावर जुनं लॅटिनच पुटपुटायचा म्हणे.

दुष्काळाच्या साली आमच्या शाळेत पावसासाठी सर्वधर्म प्रार्थना ठेवली. त्याच्या चर्चचे फादरसुद्धा आले, हा काही आला नाही. मी दुकानात जाऊन चिडून म्हणालो, "अहो, देव शेवटी एकच ना?"

त्यानं सावकाश हात पुसले. "गुरुजी, समदं सारखंच असंल, तर येशू क्रुसावर कशापायी मेला? त्याच्याबिगर कुनाची सुटका न्हाई."

हेकट माणूस, म्हणून मी विषय सोडला.

त्याच उन्हाळ्यात माझी आई गेली. तो अंत्ययात्रेत अगदी मागं, अनवाणी चालला. फूल मात्र वाहिलं नाही. आई देवाघरी गेली, असं सगळे मला सांगत होते.

पंधरा दिवसांनी पंक्चर काढायला गेलो, तर त्यानं खालमानेनं विचारलं, "आईला येशूबद्दल कुनी कधी सांगितलं हुतं का?"

"नाही." मला रागच आला होता.

"रोज दुपारी त्या मला च्या द्यायच्या. लई वर्सं." हातातला पाना त्यानं खाली ठेवला. "त्यास्नी वाईट वाटंल म्हनून म्या बी गपच ऱ्हायलो, गुरुजी."

मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि येशूचं नाव घेतलं. हात पुसायचं त्या दिवशी त्याला सुचलं नाही.