मायाळूचं चित्र आणि एक अंगठा

अठरा ऑगस्ट १९८४, शनिवार. रक्कम साठ डॉलर. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि आमच्या वेस्ट विंडसरच्या घराशेजारी भाड्याने राहणारे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ.

ते नोकरीत वाळवलेल्या रोपांचा अभ्यास करायचे आणि सुट्टीत जिवंत रोपांची चित्रं काढायचे. आमच्या कुंपणावरचा मायाळूचा वेल त्यांना दिसला, आणि जुलैपासून दर शनिवारी त्यांचं स्टूल आमच्या बॅकयार्डात येऊ लागलं. एकेक पान ते भिंगातून बघायचे. देठाचा जांभळा रंग जमेपर्यंत कागदाच्या कडेला ठिपके लावत राहायचे. पत्नी वेल धरून शेजारी उभी. मी गवत कापायचो. तेवढं गवत वाढत नव्हतं, तरी कापायचो.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, इतका मायाळू! कुंपण सोडून थेट माझ्या खिडकीपर्यंत आलाय. दूर करवत नाही बघ."

मी दारातच थांबलो. जेवताना विचारलं, "कोण मायाळू?"

तिला कळायला जरा वेळ लागला. मग हसता हसता ठसका लागला. "वेल हो! भजी करायचीत त्याची. तुम्हाला कोण वाटलं?"

"कोणी नाही. आमटी वाढ."

अठरा ऑगस्टच्या त्या शनिवारी चित्र पुरं झालं. पानं, फुलं, उभं कापलेलं फळ, सगळं बिनचूक. आणि खालच्या कोपऱ्यात वेल धरलेला अंगठा, त्यावर तिरका व्रण. तो विळीचा, लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीतला. तो फक्त मलाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

"अंगठा कशाला?" मी त्यांना इंग्रजीत विचारलं.

"पान केवढं आहे ते कळावं म्हणून."

"त्यासाठी बाजूला फुटपट्टी काढायची."

पत्नी मराठीत पुटपुटली, "फुटपट्टी आहे की घरात. एकोणीस वर्षं सांभाळतेय."

ती काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं नाही. जुलैपासून पहिल्यांदा मला बरं वाटलं.

पण सप्टेंबरात ते फ्रान्सला परतणार होते, चित्रांसकट. तिथल्या कुणाच्या तरी भिंतीवर हा अंगठा लागणार. मी किंमत विचारली. साठ, ते म्हणाले. मी घासाघीस केली नाही हे पाहून पत्नीने माझ्याकडे वळून बघितलं. चेकबुक आणलं, तर ते म्हणाले, "अर्धेच माझे. वेल यांनी वाढवला, हातही यांचाच."

म्हणजे दोन चेक.

"नाव नीट लिहा हं," ती म्हणाली. "मिसेस अमुकतमुक नको. माझं लिहा."

तिला मी 'अगं' म्हणूनच हाक मारतो. नाव लिहिताना पेन क्षणभर अडलं, आणि तेही त्यांच्यासमोर.

शेवटी दिले ते असे: तीस डॉलर त्यांना, तीस माझ्या पत्नीला. तिने त्यातून रंगपेटी आणली. चित्रात काढायला माझा अंगठा अजून मागितलेला नाही.