खूण नसलेले आठ नट

दत्ताभाऊचं शेवटचं काम मी बिघडवलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. मी काय करून बसलोय हे मला गेल्या रविवारपर्यंत कळलंच नव्हतं.

दत्ताभाऊ महाळुंग्याला आमच्या कंपनीत टूलरूमला होता. मूळचा लातूरकडचा. मी क्वालिटीत. म्हणजे तो बनवणार आणि मी खोट काढणार. तरी आमची गट्टी जमली, ती रिमोटच्या गाडीमुळे.

खेळणं म्हणू नका. तो चिडायचा.

रॉक क्रॉलर म्हणतात तिला. बुटाच्या खोक्याएवढी गाडी, पळत नाही, दगडांवरून इंच इंच चढते. आमच्या गाडीची चारही चाकं वळतात. पुढची डावीकडे आणि मागची उजवीकडे वळवली की एवढ्याशा जागेत फिरते. सगळी एकाच बाजूला वळवली की खेकड्यासारखी तिरपी चालते.

दोन वर्षं खपून त्याने ती बनवली. मी रविवारी जाऊन चहा प्यायचो आणि शंका काढायचो.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"झाली बघ गाडी."

"नक्की? मागच्या वेळी पण झाली म्हणाला होतास."

"काय म्हणलास?"

"नक्की झाली का?"

"लै शंका हायत राव तुला. झाली म्हणलं की झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसची वाट बघताना तो स्टॉपवर खाली बसला. उठलाच नाही.

चौदाव्यानंतर सुनीतावहिनींनी गाडी माझ्या हातात दिली.

"भावजी, ह्यांना स्पर्धेत उतरवायची होती. आता तुमीच चालवा."

मी हो म्हणालो.

घरी येऊन पहिलं काम काय केलं? तपासणी. सवय जात नाही.

आमच्याकडे नट पूर्ण आवळला की त्यावर पिवळ्या पेंट मार्करने एक रेघ मारतात. रेघ नाही म्हणजे काम बाकी. दत्ताभाऊ घरीसुद्धा हेच करायचा. सगळ्या गाडीवर पिवळ्या रेघा होत्या.

फक्त आठ नटांवर नव्हत्या. चाकांचे ॲक्सल ज्या दांड्यांनी वरच्या सांगाड्याला जोडलेले असतात, त्यांचे नट. हात लावून पाहिले तर ढिले.

मला रडूच आलं. वाटलं, बिचाऱ्याचं एवढंच राहून गेलं.

मी आठही नट कचकचून आवळले. प्रत्येकावर पिवळी रेघ मारली. मित्राचं अर्धवट काम पूर्ण केलं म्हणून त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर गाडी चढेनाच.

निगडीत आमच्या सोसायटीमागे बांधकामाचे दगड पडलेत, तिथे सराव करायचो. दगडावर घेतली की एक चाक हवेत राहायचं. गाडी लाकडासारखी ताठ. मग कलंडायची. स्प्रिंग बदलल्या. शॉक ॲब्सॉर्बरमधलं तेल बदललं. मागचं स्टिअरिंग फिरवणारी मोटर नवीन टाकली.

स्पर्धेत नाव दिलेलं. तारीख नेमकी आजची, त्याच्या वर्षश्राद्धाची. वहिनी म्हणाल्या होत्या, श्राद्ध गावी दीर घालतील, मी गाडी बघायला येणार.

सगळ्यांसमोर आणि वहिनींसमोर दत्ताभाऊची गाडी पहिल्याच दगडावर उलटणार. जेवण जाईना. बायको म्हणाली, बोर्डाच्या परीक्षेला पण एवढे घाबरला नसाल.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो. सोबत गाडी. खरं तर सांगायला गेलो होतो की मला हे जमणार नाही.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी गाडी उचलली, कानाशी धरली आणि चाक हलवलं.

"भावजी, हिचा आवाज कुठं गेला?"

"कसला आवाज?"

"कट कट यायचा की बारीक. मी कानाशी धरायची, हे नट पिळायचे. पार घट्ट करायचे, मग पाव आटा मागं. मी हां म्हणलं की थांबायचे."

"तुम्ही का?"

वहिनींनी गाडी खाली ठेवली.

"टूलरूमच्या आधी ह्यांनी पत्रा ठोकायच्या प्रेसवर चौदा वर्षं काढली. त्या आवाजानं ह्यांना कमी ऐकू यायचं. कंपनीत सांगू देत न्हवते."

त्याचं ते 'काय म्हणलास' मला आठवलं. मला वाटायचं, माझी खेचतोय.

नट ढिले राहिले नव्हते, ठेवले होते. दांड्या मोकळ्या हलल्या तरच चाक दगडाचा आकार धरतं. पूर्ण आवळलेच नाहीत, मग रेघ कशी मारेल? खोटी रेघ मारणारा माणूस नव्हता तो.

झाली म्हणलं की झाली, असं तो म्हणाला होता. मी त्याच्यापेक्षा रेघेवर विश्वास ठेवला.

त्याच खोलीत, त्याच्याच पान्याने मी नट मागे घेतले. वहिनी गाडी कानाशी धरून बसल्या. आठ वेळा 'हां' म्हणाल्या. माझ्या रेघा मी पुसून टाकल्या.

आज सकाळी राजगुरुनगरच्या अलीकडच्या जुन्या खाणीत स्पर्धा झाली.

सुरू करण्याआधी तपासणारा मुलगा गाडी हलवून म्हणाला, "सर, नट ढिले आहेत. टाइट करून घ्या."

मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय.

"नाही," म्हणालो. "काम पूर्ण आहे."

गाडी चढली. चारही चाकं दगडाला चिकटून. शेवटच्या वळणावर मी मागची चाकं वळवायला उशीर केला आणि ती उलटली. नंबर आला नाही.

चूक माझी होती, गाडीची नव्हती. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू.

वहिनींनी पदराने धूळ पुसली, गाडी कानाशी धरली, चाक हलवलं.

"हाय," म्हणाल्या. "तोच हाय."

मग गाडी मांडीवर घेऊन रडल्या. आज पहिल्यांदाच.

दत्ताभाऊ, झाली होती रे गाडी. मीच उगाच तपासत बसलो.

आता शंका नाही. नमस्कार घे.