बाकावरचे दोन तास

आमच्या दवाखान्यात रक्त काढणाऱ्या बाईला मी हवालदारीण म्हणते, तोंडावरसुद्धा. मी काउंटरवर बसते, मला कोण अडवणार? हात तिचा इतका हलका, की सुई कधी गेली ते कळत नाही. तोंड मात्र भारी. गरोदर बायकांना साखरेचं पाणी पाजायचं, दोन तास बसवायचं आणि मग रक्त घ्यायचं. कुणी पाय मोकळे करायला उठली की संपलंच! "बसा खाली! चाललं की साखर उतरते, रिपोर्ट खोटा येतो. मला फसवाल, पोटातल्याला कसं फसवाल?" आणि साखर जास्त निघाली तर, "जिभेचे लाड करताना आठवलं नाही का?" एक शिवणकाम करणारी तर डोळे पुसतच घरी गेली होती.

लग्नानंतर खूप वर्षांनी हवालदारीण स्वतः गरोदर राहिली. सातव्या महिन्यात तिचीही तीच तपासणी आली. पाणी पिऊन ती बाकावर बसली खरी, पण थोड्या वेळाने मी बघते तर बाक रिकामा. बाई मागच्या जिन्यावर! कठडा धरून वर-खाली, वर-खाली, घामाने डबडबलेली.

"अगं ए, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलेच.

ती मटकन पायरीवर बसली. "घरी बोट टोचून पाहिलं गं. खूप साखर आहे. गोडाचा कण खाल्ला नाही मी, आईशप्पथ! पण कोण मानेल? मी तरी कुणाचं मानलं?"

"डॉक्टर मॅडम रोज सांगतात ना? बाळाला साखर पुरावी म्हणून वारेतले हार्मोन आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. काहींच्या शरीराला मग लागेल तेवढं जास्तीचं इन्सुलिन बनवणं झेपत नाही. त्यात चोरून खाण्याचा काय संबंध?"

"रोज ऐकते. ऐकून बाहेर येते आणि त्या बायकांनाच बोलते." तिने ओंजळीत तोंड लपवलं. "आणि आता स्वतःच्या बाळाचा रिपोर्ट खोटा करायला निघाले. लाज वाटते गं, फार लाज वाटते."

मी तिला घरी पिटाळलं. उद्या ये म्हटलं, पुन्हा पी.

दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन ती वळली, तर बाकावर नेमकी ती शिवणकामवाली, तिच्या नेहमीच्या साखरेच्या तपासणीला आलेली. हवालदारीण मान खाली घालून उभीच राहिली. शिवणकामवालीने शेजारची पिशवी मांडीवर घेतली, सरकून जागा केली.

"बसा," ती म्हणाली. मग हळूच, "तुम्ही काही गोडधोड खाल्लं नसणार. तेव्हा मीपण नव्हतं खाल्लं."

हवालदारीण बसली. दोन तास जागची हलली नाही. मान काही तिने वर केली नाही.