सांबारवालीची शपथ

आमच्या सासूबाई बाजारात शिरल्या की आधी दोन्ही हात पदराखाली दडवायच्या. बाजार केवढाही असो, पहिला फेरा रिकाम्या हातांनी. कशाला बोट लावायचं नाही, भाव विचारायचा नाही, ओळखीचं कुणी दिसलं तर नुसती मान हलवायची. "पयला फेरा डोयाचा," त्या म्हणायच्या, "आधीच हात भायेर काढला का मानूस लुटला जाते." दुसऱ्या फेऱ्यात हात बाहेर यायचे आणि मग वांग्याची, दोडक्याची धडगत नसायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, यांना थंडी वाजत असेल. मी अकोल्याच्या मास्तरांच्या घरातली. आमच्याकडे भाजी दारावर यायची आणि जी येईल ती आम्ही मुकाट्यानं खायचो.

अंजनगावात त्यांना सगळे सांबारवाली म्हणूनच ओळखत. वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याच्या माणसाला सांगितलं की तो बिचारा इडली शोधू लागतो. विहिरीकाठचा दीड एकराचा मळा, त्यात सांबार, पालक, मेथी, आणि बाजारातली खांबाजवळची ठरलेली जागा, एवढा त्यांचा संसार. नवरा गेला तेव्हा नितीन, म्हणजे माझा नवरा, तिसरीत होता. तिथपासून तो पीएचडी होऊन दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळेत लागेपर्यंत सगळं त्या खांबाजवळ बसूनच झालं. आपण फार काही केलं असं त्यांना वाटत नसे. नितीनच्या हुशारीचा विषय निघाला की म्हणायच्या, "पोट्टा मयातल्या भाजीवर वाढला, मंग डोस्कं चालनार नाई तं काय!"

आम्ही दोघं कोरियात आल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात त्या बाजारात ऊन लागून कोसळल्या. नितीनला फोन आला तो भलत्याच माणसाच्या मोबाइलवरून. तिकीट मिळेना, रजा मिळेना, दोन दिवस तो फोन हातात धरून खुर्चीत बसून होता. मी त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या सावरल्यावर व्हिडिओ कॉलवर तो एकच वाक्य बोलला, "आई, पुन्हा बाजारात बसलीस तर तुला माझी शपथ आहे." एकुलत्या एका मुलानं आईला स्वतःची शपथ घालायची, यापुढे पोलीसही काही करू शकत नाहीत. पाहायला तिथं कोण होतं? तरी त्यांनी ती अक्षर न् अक्षर पाळली. मळा दुसऱ्याला कसायला दिला. खांबाजवळची जागा शेजारी लिंबं विकणाऱ्या सकिनाआपांना सांभाळायला दिली. रोज सकाळी बाजारात जायच्या, हात पदराखाली घेऊन एक फेरा मारायच्या आणि घरी यायच्या. दुसरा फेरा बंदच झाला. मी फोनवर विचारायची, "आई, काय चाललंय?" "काई नाई. बसून राहिली." दीड वर्ष मी हे एकच उत्तर ऐकलं. शपथ ज्यानं घातली त्यानंच ती सोडवायची असते, आणि नितीन सोडवायला तयार नव्हता.

मग त्यांना तीन महिन्यांसाठी आमच्याकडे बोलावलं. त्या डिसेंबरमध्ये आल्या आणि चौथ्याच दिवशी मी बर्फावरून घसरून उजवं मनगट मोडून घेतलं. "बरं झालं मी आली," एवढंच त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बाहेर उणे दहा तापमान. लुगड्याच्या आत दोन लोकरी विजारी, वरून नितीनचं घोट्यापर्यंत येणारं जाकीट, डोक्याला माकडटोपी आणि त्या टोपीवरून पुन्हा पदर, असा सरंजाम करून त्या खिडकीशी उभ्या राहायच्या. खाली माणूस दिसायचं नाही. "इथले लोकं भाजी कुठून आन्तेत व?" त्यांनी विचारलं. मी सुपरमार्केट दाखवलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या तीन काकड्या त्यांनी हातात घेतल्या आणि रुग्णाला पाहून बाहेर पडावं तशा बाहेर पडल्या.

दर पाच दिवसांनी शहराच्या जुन्या भागात एक बाजार भरतो, हे मला शेजारणीकडून कळलं. थेट आपला आठवडी बाजार, फक्त पाच दिवसांचा. प्लास्टर गळ्यात अडकवून मी त्यांना घेऊन गेले. बाजाराच्या तोंडाशीच मिरची दळण्याची चक्की होती. पहिला ठसका बसला आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. पुढं तिळाचं तेल काढणारं दुकान, लसणाच्या माळा, सुकवलेल्या, तेंदूसारख्या गोड फळांचे हार, उकळत्या रश्शाच्या पातेल्यांतून निघणारी वाफ, आणि लालभडक नाकांची माणसं, सगळी एकाच वेळी ओरडणारी. त्यांचे हात जाकिटाच्या आत गेले. पहिला फेरा सुरू झाला. मासळीच्या गल्लीतून त्या पदर नाकाला लावून वेगानं निघून गेल्या, कारण गळ्यात माळ. गल्ली संपताच एक माणूस लोखंडी साच्यात माशाच्या आकाराचे केक भाजत होता. "मासा नाही, पिठाचा आहे, आत गोड लाल चवळीसारखं काहीतरी असतं," मी पटवत होते. त्यांनी मला आधी खायला लावलं. मग एकाचं डोकं मोडून आत निरखून पाहिलं, चाखलं आणि भर बाजारात ओरडल्या, "अवं, हे तं पुरन हाय!" आणखी दोन खाल्ले. घरी येईपर्यंत एकच प्रश्न त्यांना छळत होता, "इतकं चांगलं पुरन, मंग त्याचा मासा कावून केला?"

दुसऱ्या फेऱ्यात त्या पालकापाशी थांबल्या. उघड्या रस्त्याच्या कडेला, बादलीएवढ्या छोट्या स्टुलावर एक ऐंशीच्या घरातली बाई बसली होती. पालकाच्या ढिगांवर जुनी गोधडी पांघरलेली, स्वतःच्या गुडघ्यांवर दुसरी. तिकडं आजीबाईला हाल्मोनी म्हणतात. सासूबाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, गोधडीचा कोपरा उचलून एक पान मोडून पाहिलं आणि मान डोलावली. हाल्मोनीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग खुणेनं काहीतरी सांगून ती उठली आणि चालू लागली. मी गोंधळले. सासूबाई मात्र सहज तिच्या स्टुलावर जाऊन बसल्या. "लघवीले गेली ते. मले पाहाले सांगतलं," त्या म्हणाल्या. बाजारात बसणाऱ्या बायकांचं हे जगभर एकच असावं.

पण बसल्यावर त्यांना राहवेना. पालक थोडा मलूल वाटला. गोधडी कशाला, भाजी गुदमरते, म्हणून त्यांनी ती काढून बाजूला ठेवली. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं ओंजळीत पाणी घेऊन पालकावर छान शिंपडलं. मी तेवढ्यात लसूण बघत होते. परत आले तर सगळा ढीग चमकत होता. सासूबाईंनी एक जुडी उचलली, तर ती कुडकुडीत. पाणी पानांवर पडल्यापडल्या गोठलं होतं. हाल्मोनी आली आणि जी काही ओरडली म्हणता! मला चार शब्द कळत होते, सासूबाईंना एकही नाही, पण त्यांना सगळं समजलं. त्यांनी कान पकडले. मग ढीगच्या ढीग आमच्या पिशव्यांत भरला. "माह्या हातानं नासलं, मीच नेईन," म्हणाल्या. मी पैसे दिले आणि एका हातानं दोन पिशव्या ओढत घरी आणल्या. तीन दिवस आम्ही दोन्ही वेळा डाळभाजी खाल्ली. नितीननं कारण विचारलं, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं पाहून गप्प बसलो. सासू आणि मी पहिल्यांदा एका बाजूला झालो ते या पालकामुळे.

पुढच्या बाजाराला त्यांनी त्याच पालकाची, लसणाची फोडणी घातलेली डाळभाजी डब्यातून नेली. हाल्मोनीनं वास घेतला, पहिला घास खाल्ला, मग डबा पुसून खाल्ला. तिच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला. तिनं मागून एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर आपली गुडघ्यांवरची गोधडी घातली आणि थोपटून दाखवलं. तेव्हापासून दर पाचव्या दिवशी सासूबाई त्या खोक्यावर. लसूण सोलून दे, जुड्या बांधून दे. एक कोरियन बोलायची, दुसरी वऱ्हाडी, आणि दोघींचं छान जमायचं. मी एकदा विचारलं, "आई, तिचं काय कळतं तुम्हाला?" "कयाचं काय हाय त्यात? गुडघे दुखतेत म्हन्ते." मग थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "मी काई इकून नाई राहिली हो. नुसती बसली. शपत मोडत नाई नं?" मी म्हटलं, "नाही मोडत आई." मला काय अधिकार होता, देव जाणे.

परतायला पंधरा दिवस उरले होते तेव्हा एका रविवारी बाजाराचा दिवस आला आणि नितीनही आमच्याबरोबर आला. आई भर थंडीत रस्त्यावर खोक्यावर बसलेली पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो काही बोलणार, एवढ्यात एक चकचकीत गाडी थांबली. लांब कोटातला पन्नाशीचा माणूस उतरला आणि हाल्मोनीला झापू लागला. हातवारे करून, बर्फाकडं बोट दाखवून, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून. हाल्मोनीनं त्याला हातानं बाजूला सारलं, कारण तिच्या गिऱ्हाइकाला तो आडवा येत होता. सासूबाईंनी लसूण सोलता सोलता मान वर केली आणि मला म्हणाल्या, "हिचा बी नितीनच हाय." मला हसू आवरेना. तो माणूस शेवटी हरला. त्यानं खिशातून गरम राहणाऱ्या दोन पुरचुंड्या काढून आईच्या हातमोज्यांत सरकवल्या आणि गाडीकडं जाऊन उभा राहिला. नितीन हसला नाही. तो बराच वेळ त्या माणसाकडं बघत होता.

घरी आल्यावर जेवताना सासूबाईंनी विषय काढला. घास हातात धरून म्हणाल्या, "नितीन, तुयी शपत सोड."

"आई, मी तिथं नसतो. काही झालं तर?"

"झालं तं होईन. घरी बसून होत नाई का? मले मरनाचं भेव नाई रे. तुया जिवाची शपत हाय म्हून बसली मी घरी. तुले काई होऊ नये म्हून. पन दिवस जात नाई. सकाय झाली का वाट पायते, संध्याकाय कवा होते."

आपण आईला वाचवलं असं नितीन दीड वर्ष समजत होता.

"सोडली," तो म्हणाला.

"अशी नाई. शपतीचं नाव घेऊन म्हन."

"आई, माझी शपथ सोडली. बस तू बाजारात."

त्यांनी हातातला घास खाल्ला आणि मला म्हणाल्या, "भाजीत मीठ कमी हाय." भाजी त्यांनीच केली होती.

मार्चमध्ये त्या परत खांबाजवळ बसल्या. नितीननं अटी घातल्या, मोठी छत्री हवी, उन्हाळ्यात दहाच्या आत घरी, आणि चुगली करायला सकिनाआपांची नेमणूक. फोनवरचा त्यांचा आवाज बदलला. आता त्याच बोलायच्या, तेही घाईत. "गिऱ्हाईक हाय, ठेव," म्हणून मधेच फोन बंद. नितीन मोठ्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, आणि त्याची आई दोन जुड्या सांबारासाठी त्याचा फोन कापायची. त्याला त्याचा केवढा आनंद व्हायचा!

गेल्या दिवाळीनंतर त्या गेल्या. सकाळची वेळ, कोवळं ऊन. खांबाला टेकून बसल्या होत्या. "मले वाटलं, डोया लागला," सकिनाआपा सांगत होत्या. "मी म्हनलं, सोने दो जरा. गिऱ्हाईक आलं तं मीच सांबार देल्ला. मंग हात लावला तं..." नितीननं सगळे विधी कोरड्या डोळ्यांनी केले. लोक म्हणाले, शिकलेला माणूस, धीराचा. परतीच्या विमानात तो एकदाच बोलला, "मी शपथ सोडली नसती तर ती आज असती." मी त्याचा हात धरला.

परत आल्यावर हाल्मोनीला सांगणं भाग होतं. दोन हिवाळे ती मला बोटानं विचारायची, तुझी सासू कधी येणार? जानेवारीत आम्ही दोघं बाजारात गेलो. तिला झापणारा तो मुलगा आता तिची पोती उतरवत होता. नितीननं तिच्यासमोर बसून, मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये सांगितलं की आई वारली. तिनं काम थांबवलं. मग एकच प्रश्न विचारला, "कुठं?"

"बाजारात," नितीन म्हणाला. "तिच्या जागेवर. बसल्या बसल्या."

हाल्मोनीनं हातमोजे काढले आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "चांगला मुलगा आहेस," ती म्हणाली. "आईला तिच्या जागेवर बसू दिलंस." तिचा मुलगा पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा होता. आणि नितीन, त्या गजबजलेल्या रस्त्यावर, गुडघ्यांवर बसून, आई गेल्यापासून पहिल्यांदा रडला.