बेसमेंटमधली तुळस

बाबांचा ताप दोन दिवस उतरला नव्हता. ल्युकेमियाच्या दुसऱ्या किमोनंतर त्यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या आणि स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक डाग दिसत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, बुरशी असू शकते. फुप्फुसात थोडं पाणी सोडून परत ओढून घेतलं होतं. त्यात बुरशीचा डीएनए आहे का, हे पीसीआर टेस्ट सांगणार होती, पण दोन दिवसांनी. तोवर औषध सुरू करायचं का, हा प्रश्न होता, कारण ते लिव्हरला जड.

"ही बुरशी मातीत असते. घरात झाडं आहेत? कुंड्या, माती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नो, नो," प्रश्न संपायच्या आत आई म्हणाली.

आई डॉक्टरांना कधी थेट उत्तर देत नाही. आधी माझ्याकडे बघते. त्या दिवशी बघितलं नाही.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरच्या आमच्या घरी तुळस उन्हाळाभर डेकवर असते, थंडी पडली की आत येते. निदान झाल्यावर मी म्हटलं होतं, ती शेजारच्या काकूंना दे. "दिली," आई म्हणाली होती. काकूंना फोन करून खात्री करणं मला जमलं नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आई आंघोळीला गेली, तेव्हा मी बेसमेंटमध्ये उतरले. वॉशिंग मशीनच्या मागे, दिव्याखाली, तुळस. माती ओली. शेजारी बाबांच्या सपाता.

"झाली का झडती घेऊन?" जिन्यावर आई उभी होती, केसांना टॉवेल गुंडाळलेला. "घरात आजारपण, आणि तुळस काढून देऊ?"

"बाबा इथे येत होते?"

"पाणी घालायला. पाचच मिनिटं गं. तेवढंच बरं वाटायचं त्यांना."

मी डॉक्टरांना फोन केला. वाक्यं आधी कागदावर लिहिली होती, ती तशीच वाचून तुळशीचं सांगितलं. तासाभरात औषध सुरू झालं.

दोन दिवसांनी टेस्ट पॉझिटिव्ह आली. वॉर्डबाहेर मी फोनवर रिपोर्ट वाचत होते.

"त्यात लिहिलंय का, कुठून आली ते?" आईने विचारलं.

"नाही. बुरशी आहे, एवढंच कळतं. ती हवेतूनही येते."

हे खरंच होतं. आईने माझ्या हातून फोन घेतला, इंग्रजी ओळींवरून हळूहळू बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, तिने "नो, नो" म्हटल्यापासून मी तिच्याकडे बघत होते ना, अगदी तशाच संशयाने.