काचेची तार आणि सदूमामाचा तळवा

केटल कितीही खरवडा, पुढच्या बॅचला आतून नवा थर धरतोच. आमच्या अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातल्या गोष्टींचंही तसंच. केटल म्हणजे रंग शिजवायचं खोलीएवढं भांडं. मी तिथे फिटर. शाळा सातवीपर्यंत, टिंगलीत मात्र डबल ग्रॅज्युएट!

केटलचा राजा एकच, जांभूळ गावचा सदूमामा. पाइपावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि झोपेत बोलल्यासारखा सांगायचा, "बासष्ट." तापमानाचा मीटर होता, पण त्याची तार ॲसिडची वाफ दोन महिन्यांत खायची, आणि शेजारची मोटार सुरू झाली की काटा नाचायचा.

मी विचारायचो, "मामा, लग्नात मामीचा हात धरलात तेव्हा किती डिग्री?"

"हात सोडवंना, मोजतोय कुठला!"

*

नव्वद सालानंतर कधीतरी बदलापूरचे जोशीसाहेब काचेची तार घेऊन आले. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावायचा. केटल जितकी गरम, तितका परत येणारा उजेड कमी. त्यावरून तारेला जोडलेला डबा आकडा दाखवायचा. "हिला ॲसिड खात नाही, मोटार नाचवत नाही!" साहेब खूश.

मी म्हटलं, "मग साहेब, पगार हिला की मामाला?"

सगळे हसले. मामा सोडून. कारण ऑर्डर निघाली होती: महिनाभर दोघांचे आकडे शेजारी शेजारी लिहायचे. तार खरी ठरली तर मामा गेटवर, वॉचमनच्या स्टुलावर.

*

एका दुपारी लाईट गेली. शेडमध्ये अंधार, निळसर वाफ तरंगतेय. उरलेल्या तारेचं एक टोक मी मामाच्या बाकाजवळ सोडलं, दुसऱ्या टोकाला आडून बॅटरी लावली. मामापुढे काजवा उमलला! मी बाईचा आवाज काढला, "सदू, मी तुझी जागा घ्यायला आलेय!"

मामा त्या उजेडाकडे वाकला.

"ये बाये. लांबून आलीस, आधी जेव."

आणि जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी त्याने तिच्यापुढे ठेवली. माझी मस्करी मलाच गिळवेना.

*

महिना संपत आला आणि खंडेनवमी आली. पान्यापासून पंपापर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. ताट मामाच्या हातात. साहेबांनी तारेचं टोक पुसायला डब्यातून काढून ठेवलं होतं. पूजा झाली, टोक परत बसवलं, बॅच सुरू. थोड्या वेळात डब्यावर आकडा, एक्क्याण्णव!

"बॅच जळेल! थंड पाणी सोडा!" म्हणत साहेबांनी स्वतःच व्हॉल्व्हला हात घातला.

मामाने तळवा ठेवला. "बासष्ट. पाणी सोडलंत तर रंगाच्या गुठळ्या होतील."

"नक्की?"

"हात माझा हाय, साहेब."

साहेबांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला. मग तारेचं टोक उघडलं. टोकावर कुंकू! पुसून लावलं. बासष्ट.

"हिला कुंकू कुणी लावलं?"

"म्या. ती बी राबतेच की."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'दोघेही बरोबर.' गेटवरचं स्टूल रिकामंच राहिलं.

*

पुढच्या खंडेनवमीला ताट साहेबांनी घेतलं. पाना, पंप, डबा, सगळं झालं. काचेचं टोक तेवढं सांभाळून वगळलं. मग वाफेतून चालत मामाजवळ आले, त्याचा उजवा हात धरला, मूठ उघडली आणि तळव्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

मामाने तळवा डोळ्यांपुढे धरला.

"काय हे साहेब! आता दिवसभर माझा आकडा चुकणार!"