पुसलेलं तेल

हे मी घरी बोललेले नाही, मैत्रिणींत नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा मूळचे वर्ध्याचे, इथे हिंदी मुलखात एका कारखान्यात वेल्डर. इंद्रपुरीत आमच्या दोन खोल्या. मी विमानदुरुस्ती शिकते. दुसऱ्या वर्षी एका खासगी हेलिकॉप्टर कंपनीत प्रशिक्षण मिळालं, तेव्हा आईने माझं ओळखपत्र गल्लीभर दाखवलं. माझ्या कुर्त्याला येणारा तेलाचा वास तिला आवडायचा. आता मी कुर्ता दोनदा धुते.

तेलाचंच आहे सगळं.

हेलिकॉप्टरच्या वरच्या मोठ्या पंख्याखाली गिअरबॉक्स असतो. आतलं तेल किती आहे ते एका गोल काचेतून दिसतं. आमच्या हेलिकॉप्टरचं तेल अडवणारं एक सील झिजलं होतं, तेल पाझरायचं. नवं सील 'अगले हफ्ते' येणार होतं — दोन महिने येतच होतं. नियम असा की, घातलेलं तेल वहीत नोंदवायचं; फार वेळा घालावं लागलं, तर सील बदलेपर्यंत उड्डाण बंद. म्हणून आमची रीत ठरलेली — आधी तेल भरायचं, मग काच बघायची, मग लिहायचं: पातळी योग्य. भरल्याचं लिहायचंच नाही. मुख्य मेकॅनिक तिवारी सर हसून म्हणायचे, "बेटा, इसमें झूठ कहाँ है? देख ले, भरा है ना!"

खरंच, खोटं कुठे होतं? एक अक्षरही नाही. तेव्हा मला ती हुशारी वाटली होती — हुशारी!

पण बघा, मी अजूनही तिवारी सरांच्या आड लपते आहे. वही त्यांची होती. फडकं माझं होतं.

गिअरबॉक्सच्या अंगावर तेलाचा ओघळ यायचा. तो पुसायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. मीच पुसायचे, रोज, कॅप्टन यायच्या आधी. कॅप्टन म्हणजे आमचे वैमानिक, फौजेतून निवृत्त झालेले; उड्डाणाआधी स्वतः वर चढून पाहणी करायचे. "वाह, इंजिनियर साहिबा! दुल्हन बना दिया इसको!" मला इंजिनियर म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या एका शब्दासाठी — हो, त्यासाठीच मी पुसत होते.

त्या सकाळी ओघळ जास्त होता. हे मला नंतर सुचलेलं नाही. तेव्हाच दिसलं होतं. फडकं भिजून तेल कोपरापर्यंत आलं. मी काय केलं? दुसरं फडकं घेतलं.

उड्डाणानंतर तासाभरात गिअरबॉक्सचा लाल दिवा लागला. कॅप्टननी हेलिकॉप्टर लगेच शेतात उतरवलं. एक बाजू बांधावर आदळली. मागच्या दोन प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. कॅप्टनचा कणा मोडला. ते आता चालत नाहीत.

कंपनीच्या चौकशीत मला विचारलं — आधी कधी गळती दिसली होती? मी म्हणाले, "नहीं सर." किती पटकन म्हणाले! अहवालात आलं की, गळती जुनी होती आणि वैमानिकाने पाहणीत तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्याच आठवड्यात नवं सील आलं. तळहातावर मावेल एवढं. मीच त्याची पोच लिहिली — तेव्हा मात्र अगदी नियमाप्रमाणे.

गेल्या महिन्यात मी कॅप्टनच्या घरी गेले. कशाला? चांगली मुलगी दिसायला, दुसरं काय. चाकाच्या खुर्चीवर, मांडीवर तो अहवाल घेऊन बसले होते. कडा मळल्या होत्या पानांच्या. म्हणाले, "साहिबा, तुम तो वहीं थी. सच बताना — वो तेल मुझे दिखा कैसे नहीं? आँखें गई थीं क्या मेरी?"

ते चिडलेले नव्हते. खरंच विचारत होते. गेले कित्येक महिने स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन बसलेला माणूस — आणि उत्तर त्याच्या समोर, पाय जुळवून बसलेलं.

मी म्हणाले, "पता नहीं, कॅप्टन."

त्यांच्या पत्नीने, काकूंनी, पोहे आणले. गरम होते, चांगले झाले होते. मी सगळे खाल्ले. वर आणखी शेव मागून घेतली.